ढेकर आला का?

सिस्टर: वजन छान वाढलंय, टाळू ठीक आहे, डोळे स्वच्छ. पोरगी ठणठणीत आहे. आता तुमचं तोंड असं का उतरलंय ते सांगा.

लेक: काही नाही सिस्टर. झोप होत नाही.

सिस्टर: झोप कुठल्याच बाळंतिणीची होत नाही. आणि आजोबा तिकडे खिडकीशी पाठ करून का बसलेत? मागच्या खेपेला तर मला हात लावू देत नव्हते. काट्यावरसुद्धा मीच ठेवणार म्हणे, तुमचे हात गार आहेत.

लेक: कालपासून तिला घेतच नाहीत ते.

सिस्टर: भांडलात?

लेक: भांडायला दोघं लागतात. मी एकटीच ओरडले. फार ओरडले. जन्मात कधी बाबांना असं बोलले नव्हते.

सिस्टर: काय केलं त्यांनी?

लेक: काल सकाळी तिला पाजलं, बाबांकडे दिलं. म्हटलं, ढेकर काढा, मी अंघोळ करून येते. अंघोळ म्हणजे तरी काय, दोन तांबे अंगावर घेतले आणि आले बाहेर. तर ही पाळण्यात. नाकातोंडातून दूध. चेहरा आधी लाल वाटला मला, मग बघते तर जांभळा. हातपाय झाडतेय आणि आवाज नाही हो घशातून. जरासुद्धा नाही.

सिस्टर: आणि आजोबा कुठे होते?

लेक: तिथेच. पाळण्याला हात लागेल इतक्या जवळ. तिच्याकडे पाठ करून लंगोटांच्या घड्या घालत होते. गुणगुणत.

सिस्टर: मग तुम्ही काय केलंत?

लेक: तुम्ही दाखवलं होतं तसं हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, जबडा धरून. खांद्यांच्या मधे पाठीवर मारलं. किती मारलं देव जाणे. दूध पडलं आणि रडली. ती रडत होती, मी रडत होते, आणि बाबांच्या घड्या चालूच. शेवटी खांदा धरून गदागदा हलवलं, तेव्हा वळले.

सिस्टर: कानातलं मशीन?

लेक: शर्टाच्या खिशात.

सिस्टर: डॉक्टरांना दाखवलंत ना लगेच?

लेक: तशीच ओल्या केसांनी पळाले. छाती साफ आहे म्हणाले, काळजी करू नका. त्यांना काय जातंय म्हणायला.

सिस्टर: आताही मशीन नाही वाटतं कानात.

लेक: कालपासून काढूनच ठेवलंय. पोरीला मी घेणारच नाही, मग ऐकून काय करायचंय, असं म्हणाले. पण थोडं ऐकू येतं त्यांना त्याच्याशिवाय. अगदीच नाही असं नाही. आपण हळू बोलतो म्हणून.

सिस्टर: बघू. आजोबा, पाणी देता का मला?

लेक: ते खिडकीबाहेर बघतायत, लक्ष नसेल.

सिस्टर: आजोबा, तुमच्या सदऱ्यावर पाल आहे.

लेक: सिस्टर, नका ना.

सिस्टर: आजोबा, बाळ पडलं.

बाबा: ही दुपटी फार राठ झालीत गं. साबण बदलायला पाहिजे.

लेक: पुरे. पुरे ना सिस्टर. कळलं मला.

बाबा: काय झालं? अशा काय बघताय दोघी माझ्याकडे?

सिस्टर: काही नाही आजोबा. इकडे या. माझ्यासमोर बसा. मशीन घाला आधी.

बाबा: मी ऐकलं सगळं. बोलावंसं वाटलं नाही म्हणून गप्प होतो.

लेक: काय ऐकलंत?

बाबा: हेच. वजनाचं. तुम्ही बायका बोलता म्हणजे सगळं तोंडातल्या तोंडात. त्यात तो पंखा.

लेक: बाबा, घाला ते कानात. मी पाया पडते.

बाबा: घालतो. घालतो बाई. हे घे, घातलं. आता बोला. काय शिक्षा द्यायची ती द्या.

सिस्टर: शिक्षा कसली? मला एवढंच सांगा, बाळ हातात असताना मशीन खिशात का होतं?

बाबा: साफ करायला काढलं होतं.

सिस्टर: बाळ खांद्यावर घेऊन मशीन साफ करत होता?

बाबा: बॅटरी उतरली होती.

लेक: परवाच नवी घातली मी.

बाबा: हे कोर्ट आहे का? एकीने विचारायचं, दुसरीने साक्ष काढायची.

सिस्टर: बरं, राहिलं. ताई, बाळाला द्या त्यांच्या खांद्यावर. जरा कसं घेतात ते बघते.

बाबा: नको. मी घेणार नाही म्हणून सांगितलंय.

सिस्टर: मी आहे ना इथे. माझ्या भरवशावर घ्या. हं, अशी. मान सांभाळा. डोकं तुमच्या गालाशी येऊ द्या.

लेक: हे काय वाजतंय?

बाबा: घ्या. घ्या हिला आधी. दचकते ती.

लेक: बाबा, ही शिट्टी तुमच्या कानातून येतेय?

बाबा: तिचं डोकं जवळ आलं की ते वाजतं. टोपी घातली तरी वाजतं. उशीवर मान टेकली तरी वाजतं. पहिल्या दिवशी तिला खांद्यावर घेतलं आणि ते किंचाळलं ना, पोर एवढी दचकली, हात असे पसरले तिचे. मला धडकी भरली. म्हणून काढतो. तिला घ्यायच्या आधी काढतो आणि खिशात टाकतो.

लेक: रोज?

बाबा: रोज.

लेक: आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत.

बाबा: काय बोलायचं? तू एवढी धावपळ करून ते मशीन आणलंस. आणल्या दिवशी किती खूश होतीस. म्हणालीस, आता माझी हाक ऐकू येईल तुम्हाला. मी म्हटलं, येते. तेव्हापासून येतेच आहे.

सिस्टर: ऐका, यात तुमचा दोष नाही. कानापाशी काही आलं की ही मशीनं वाजतात. कानात नीट बसत नसेल तर जास्तच. दाखवून घट्ट करून घेता येईल. पण आता मला दुसरं सांगा. मशीन काढलेलं असताना ढेकर आला, हे तुम्हाला कसं कळतं?

बाबा: कळतं.

सिस्टर: हाताला कळतं?

बाबा: हाताला काय कळणार? आख्खा जन्म बाटल्यांच्या कारखान्यात गेला, सिस्टर. गरम काच हाताळून हाताचं पार लाकूड झालंय. चहाचा पेला गार आहे का गरम, ते मी ओठाला लावून बघतो.

सिस्टर: मग?

बाबा: विचारतो.

सिस्टर: कोणाला?

बाबा: हिला. ही स्वयंपाकघरात असते, मी इथून विचारतो, आला का गं? मग ही दारात येते आणि मान हलवते. मग निजवतो.

लेक: थांबा. बाबा, थांबा. रोज विचारता ते ‘आला का’...

बाबा: हो.

लेक: मला वाटायचं कौतुकाने विचारता. नातीचा ढेकर आला, तू ऐकलास का, असं. मी हसत हसत मान हलवायचे. कधीकधी तर ऐकलेलासुद्धा नसायचा मी. कुकर चालू असायचा. तरी म्हणायचे, आला हो आला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

बाबा: म्हणजे तुलाही माहीत नसायचं.

लेक: नाही.

बाबा: चांगलं आहे. आंधळ्याचा हात आंधळ्याने धरला.

लेक: काल का नाही थांबलात मी येईपर्यंत?

बाबा: थांबलो होतो गं. थापटलं, फेऱ्या मारल्या, पाठ चोळली. तुला हाक मारली, आला का म्हणून. मग लक्षात आलं, तू न्हाणीघरात आहेस. पोरीने मान टाकली होती, झोपली होती. मला वाटलं, एवढं थापटलंय, आला असेल. ‘आला असेल’ म्हणून ठेवली मी तिला. कारखान्यात तडा गेलेली एक बाटली ‘चांगली असेल’ म्हणून पुढे जाऊ दिली नाही कधी. पट्ट्यावरून झरझर जायच्या बाटल्या आणि मी बुडबुडा टिपायचो काचेतला. आणि इथे हे.

लेक: मी काल तुम्हाला काय काय बोलले.

बाबा: बोललीस ते मला ऐकू कुठे आलं? तोंड दिसलं फक्त तुझं. तेवढं पुरलं.

सिस्टर: ताई, डोळे पुसा. रडायला नंतर वेळ आहे. आजोबा, तुम्ही ओठ बघून बोलणं ओळखता ना?

बाबा: पट्ट्यावर सगळेच ओळखायचे. हजार बाटल्या एकमेकींवर आपटतायत, तिथे कोण कोणाचं ऐकणार? जेवायला चल, साहेब आला, तुझ्या बायकोचा फोन, सगळं ओठांनी. मला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं. निवृत्त झालो तेव्हा कळलं, लोक आवाजाने बोलतात.

सिस्टर: मग तुम्ही तिला खांद्यावर घेताच कशाला? खांद्यावर घेतली की तिचं तोंड तुमच्या पाठीकडे जातं. कान बंद आणि डोळ्यांनाही काही दिसत नाही. मांडीवर बसवा की.

बाबा: एवढीशी पोर बसेल होय?

सिस्टर: आपण बसवायची. त्या खुर्चीत बसा, सरळ पाठीच्या. पाय जमिनीला टेकवा. मांडीवर फडकं घ्या. ताई, द्या तिला. आत्ताच प्यायलीय ना?

लेक: तुम्ही आलात तेव्हा पाजूनच उठले होते. हिचा अजून यायचाय.

बाबा: हातातून सुटेल हो ती.

सिस्टर: नाही सुटत. आडवी बसवा, तुमच्या एका बाजूला तोंड करून, म्हणजे चेहरा दिसेल. आता उजवा पंजा तिच्या छातीवर. अंगठा आणि बोटं जबड्याच्या हाडाला. हाडाला आजोबा, गळ्याला नाही. गळा मोकळा पाहिजे.

बाबा: असं?

सिस्टर: बोट वर घ्या. अजून थोडं. हं. आता तिला किंचित पुढे कलवा. वजन तुमच्या पंजावर येऊ दे. पाठ सरळ, पोट दुमडायचं नाही. दुसरा हात पाठीवर. ओंजळीसारखा पोकळ करा आणि थापटा.

लेक: किती हळू थापटतायत. त्याने काय होणार?

सिस्टर: होतं. जोर लावायचा नसतो. थापटून नाही आला तर खालून वर चोळायचं. हलवायचं नाही, उडवायचं नाही, झोका द्यायचा नाही. आता तिच्या तोंडाकडे बघा, आणि मला सांगा कधी आला.

बाबा: तोंड मिटलंय. नाकपुड्या फुगतायत. कपाळाला आठी. ओठ पुढे काढलेत, मॅनेजरीणबाई रागावल्या. तोंड उघडलं. आला.

सिस्टर: जांभई होती.

बाबा: हो का.

सिस्टर: पुन्हा बघा.

बाबा: हनुवटी हलली. आत्ता आला.

लेक: उचकी लागलीय बाबा तिला.

बाबा: बघ. जांभई, उचकी, ढेकर, मला सगळं सारखंच. हे मला जमणार नाही. घे हिला. घे गं, पडेल.

लेक: पडत नाहीये. तुम्ही घट्ट धरलंय.

सिस्टर: उचकीत अख्खं अंग उडतं. जांभईत तोंड हळू उघडतं आणि हळू मिटतं, डोळेही मिटतात. ढेकर एकदम येतो. आधी ती थिजते. कुठेतरी बघत राहते, कोणीतरी हाक मारल्यासारखी. मग तोंड पटकन उघडतं, गाल हलतात, आणि लगेच चेहरा सैल. ते सैल पडणं बघा. बाटलीतला बुडबुडा टिपायचात तसं.

बाबा: बाटली स्थिर असायची हो. रडायची नाही.

सिस्टर: चोळा.

बाबा: चोळतोय. चोळतोय गं बाई तुझी पाठ. तुझी आजी असती तर तिने एका हाताने काढला असता, दुसऱ्या हाताने पोळी लाटत. तुझ्या नशिबी हा ठोंब्या आला.

लेक: बाबा.

बाबा: थांब. गप्प झाली. बघतेय कुठेतरी. बघतेय... आला. आत्ता आला. हा आला, सिस्टर. नका सांगू, मला माहीत आहे.

सिस्टर: आला.

लेक: खरंच आला बाबा. केवढा मोठा.

बाबा: मोठा होता? आवाज कसा होता?

लेक: गवंड्यासारखा. पोट भरल्यावर देतात तसा.

बाबा: असं होय. बापरे. एवढ्याशा पोटातून.

सिस्टर: आता फडक्यावर बघा, थोडं दूध आलंय. एवढं चालतं. लगेच निजवायचं नाही, थोडा वेळ अशीच उभी धरायची. मधेच, अर्धं पिऊन झालं की एकदा काढायचा, पूर्ण झाल्यावर पुन्हा. बराच वेळ नाही आला तर घाबरायचं नाही. कधीकधी येतच नाही. मग उभी धरून ठेवायची. निजवताना कायम पाठीवर, पालथी नाही. आणि पाळण्यात ठेवली की पहिलं काम, मशीन कानात. तिथे डोकं जवळ नाही, शिट्टी नाही.

बाबा: पाठीवर. मशीन कानात. कळलं.

सिस्टर: सोमवारपासून बाटलीने पाजणार ना? बाटली तिरकी धरा, तोंडाशी दूध भरलेलं पाहिजे, हवा नको.

बाबा: बाटलीतली हवा मला शिकवू नका, सिस्टर. तेवढं एकच येतं मला.

लेक: सिस्टर, एक विचारू? खरं सांगाल?

सिस्टर: विचारा.

लेक: सोमवारी माझी रजा संपतेय. दोनदा वाढवून घेतली, आता साहेबांनी हात जोडले. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर दुसरं माणूस नाही. हिचा बाबा जहाजावर, कधी येईल त्याचं त्याला माहीत नाही. सासूबाई स्वतः पलंगावर. पाळणाघरवाले बसायला लागलेली मुलंच घेतात. मला दुसरं कोणीच नाही. मी जाऊ का हिला बाबांजवळ ठेवून?

सिस्टर: ते मी कसं सांगू?

लेक: तुम्ही बघितलंत ना आता. आला ते त्यांना कळलं.

सिस्टर: एकदा कळलं. दोनदा चुकलं. शिकतील, चार दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं बघतील. पण दूध ढेकर आल्यावरही वर येतं, ताई. झोपेतही येतं. मशीन घालूनही पाठमोऱ्या माणसाला बारीक खरखर ऐकू येईलच असं नाही. आणि कालच्यासारखं झालं, तर आवाज येतच नाही. तुम्हीच म्हणालात. तेव्हा कान असलेल्यालाही फक्त डोळेच असतात.

बाबा: मी डोळे काढणारच नाही तिच्यावरून.

सिस्टर: आणि तुम्हाला बाथरूमला जायचं झालं? डुलकी लागली? माणूस आहात तुम्ही. मी नको म्हणत नाही. पण एकटे नको. हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवं. ती रडली तर ज्याला ऐकू जाईल असं.

लेक: कोण आहे असं?

सिस्टर: मला काय माहीत? इमारत भरलेली आहे. येताना जिन्यात शिलाई मशीनचा आवाज येत होता. दार उघडं होतं त्यांचं.

लेक: खालच्या शिवणवाल्या काकू. त्या दिवसभर घरीच असतात. पण त्यांचं आणि बाबांचं पटत नाही.

बाबा: पटत नाही असं नाही. आम्ही बोलत नाही.

सिस्टर: तेच ते. निघते मी, अजून तीन घरं आहेत. आजोबा, उद्या येते, पुन्हा बघते. आणि ताई, मघाशी मी पाल म्हटलं, बाळ पडलं म्हटलं. वाईट वाटलं असेल तर माफ करा. तुम्हाला दाखवायचं होतं, त्यांना नाही.

(सिस्टर जाते. लेक दार लोटते आणि खुर्चीसमोर जमिनीवर येऊन बसते.)

लेक: खाली ठेवू का हिला?

बाबा: नको. थोडा वेळ उभी धरायची म्हणाल्या ना.

लेक: बाबा, खरं सांगू? मला तुमची भीती वाटते. काल तिला हातावर घेतली होती ना, तेव्हापासून. तुमच्याजवळ पाळणा दिसला तरी धावत येऊन बघते. असं वाटायला नको, माझे बाबा आहात तुम्ही. पण वाटतं.

बाबा: मलाही वाटते गं. माझीच. काल रात्री तुला झोप लागल्यावर तिच्या नाकाशी बोट धरून बसलो होतो. श्वास चालू आहे का बघत. बोटाला कळेना. मग आरसा धरला.

लेक: मी नाही जात कामावर. सांगते तसं. काय करतील?

बाबा: काढतील. दुसरं काय.

लेक: मग काय करू? तुम्ही सांगा ना. लहानपणी सगळं तुम्हीच सांगायचात.

बाबा: मला नाही सुचत.

लेक: काकूंना विचारू का?

बाबा: ती नाही घेणार. मला शिष्ट समजते. जिन्यात भेटली की काहीतरी बोलते, आणि मी तसाच वर निघून येतो.

लेक: का पण?

बाबा: तिच्या तोंडात टाचण्या असतात. सदान्‌कदा. चार टाचण्या ओठांत धरून बोलते ती. ओठ दिसतात पण हलत नाहीत. काय ओळखायचं त्यातून? ती बरं आहे ना विचारते, का पाणी येत नाही म्हणते, का शिव्या देते, मला काय कळतं? एकदा मी नुसता हसलो. नंतर समजलं, ती नवऱ्याच्या आजारपणाचं सांगत होती.

लेक: अरे देवा.

बाबा: तेव्हापासून हसतही नाही. खाली मान घालून वर येतो.

लेक: त्यापेक्षा सांगून टाकायचं ना.

बाबा: काय सांगायचं?

लेक: हेच.

बाबा: शिष्ट म्हटलेलं बरं. शिष्ट म्हणजे निदान तोऱ्यात असलेला माणूस. दुसरं ते म्हणजे... पोरंसुद्धा पाठीमागून चिडवतात गं अशा माणसाला. आमच्या कारखान्यात एक होता म्हातारा, त्याच्या मागे उभं राहून लोक काहीबाही बोलायचे आणि हसायचे. मीही हसलोय.

लेक: आईला माहीत होतं?

बाबा: तिला सांगायला लागलं नाही. ती आपोआप समोर येऊन बोलायला लागली. गेली तोपर्यंत समोर येऊनच बोलली.

लेक: मी विचारते काकूंना. सांगते, बाबांची तब्येत बरी नसते, जरा लक्ष ठेवा. तुमचं काही सांगत नाही.

बाबा: आणि ती काय ऐकणार? पोर रडली की तिला वाटणार, आजोबा आहेत जवळ, घेतील. ती शिवतच बसेल. तिला माहीत पाहिजे ना, की आजोबा जवळ असून उपयोग नाही.

लेक: असं म्हणू नका.

बाबा: म्हणू नका काय? तसंच आहे. मी तिच्याकडे पाठ करून घड्या घालत होतो गं. गाणं म्हणत होतो. ती मरत होती आणि मी गाणं म्हणत होतो.

लेक: बाबा, बस. नाही मेली ती. ही काय, तुमच्या हातात आहे.

बाबा: खालच्या बाईकडे तिचं सामान असेल ना. मशीन, कापडं. ते काही ती वर आणणार नाही. मीच खाली जाऊन बसेन, दिवसभर, पोरीला घेऊन. कोपऱ्यात एक खुर्ची दे म्हणेन. मी तोंडाकडे बघेन, तिने कान द्यायचा. चालेल?

लेक: चालेल. का नाही चालणार? मी आत्ता जाऊन विचारते.

बाबा: तू नको.

लेक: मग?

बाबा: मी जातो. तू विचारलंस तर ती तुझ्याकडे बघून हो म्हणेल. आणि सोमवारी मी जाऊन उभा राहीन तिच्या दारात, आणि ती पुन्हा तोंडात टाचण्या धरून काहीतरी बोलेल.

लेक: मी येते बरोबर.

बाबा: ये. पण बोलू नकोस. पोरीला आपण घेऊन जाऊ. तिला बघितल्यावर आधी टाचण्या काढेल तोंडातून.

लेक: आणि काय म्हणाल?

बाबा: म्हणेन काहीतरी.

लेक: काय? मला म्हणून दाखवा.

बाबा: तुला काय दाखवायचं? तुला माहीत आहे.

लेक: तुमच्या तोंडून नाही ऐकलं कधी. पंखा, बॅटरी, लोक हळू बोलतात, हे ऐकलं. तिच्या दारात ऐनवेळी हेच म्हणाल तुम्ही. मी ओळखते ना तुम्हाला.

बाबा: आता नको.

लेक: आताच.

बाबा: बरं. तू समोरच बस. हलू नकोस. म्हणेन, बाई... म्हणेन, मी वरच्या मजल्यावरचा.

लेक: हं.

बाबा: म्हणेन, इतकी वर्षं तुमच्याशी बोललो नाही, ते तोऱ्याने नाही. मला ऐकू येत नाही, बाई. माझ्या नातीचा ढेकरसुद्धा ऐकू येत नाही मला.